स्टेजमागं उतरलेली साखर

त्या संध्याकाळी माझा धाकटा भाऊ शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरणार होता आणि आमची अख्खी गल्ली रिक्षा भरभरून आली होती. "एवढ्या लोकांपुढं उघडाच उभा राहणार?" असं पुटपुटत आई पहिल्या रांगेत बसलेली. हलगी कडाडत होती, शिट्ट्या चालल्या होत्या आणि सगळ्यांत मोठी शिट्टी माझी होती. लाजायचं कशाला? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दिवसभर टॉवेलच्या मागावर उभं राहून, वर जिममध्ये घाम गाळून पोरानं लई भारी अंग कमावलं होतं की!

दिव्यात अंग उठून दिसावं म्हणून फासतात तो तपकिरी रंग त्याच्या पाठीला लावायला मी स्टेजमागं गेले. तिथं मी एकटीच बाई, पण मला कोण अडवणार! रंग लावायला लागले तर हात घसरायला लागला. बाहेर जानेवारीचा गारठा आणि हा घामानं चिंब.

"टेन्शन आलंय व्हय रे?"

"कसलं टेन्शन, अक्का. अंगात वारं भरलंय नुसतं!" म्हणाला. भोवती जमलेल्या त्याच्या दोस्तांनी आरोळी ठोकली. मलाही ते खरं वाटलं. माझंच काळीज एवढं उडत होतं, मग त्याचं का नाही उडणार?

"हात वर कर," मी म्हणाले. हात वर न करता तो माझ्याकडं नुसता बघत राहिला आणि जड जिभेनं म्हणाला, "अक्का, माग बंद कर. धागा तुटलाय."

दोस्त खो खो हसले. मी मात्र रंगाची वाटी खाली ठेवली. हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं. दहावीत असल्यापासून मी इन्सुलिन घेते. साखर उतरली की मीही अशीच बरळते. एकदा तर बसच्या कंडक्टरकडं मेथीची जुडी मागितली होती. पर्समधलं साखर मोजायचं यंत्र काढून त्याचं बोट टोचलं. सत्तरच्या खाली गेली की धोका, आणि ह्याची अठ्ठेचाळीस!

"कमी आलीय? मग चांगलंच की, अक्का!" एक दोस्त म्हणाला. आमच्याकडं घरोघरी शुगर, त्यामुळं कमी म्हटलं की लोकांना पेढे वाटावेसे वाटतात.

"गप बस, मुडद्या! वाढलेली सावकाश मारती, उतरलेली उभ्या उभ्या मारती!"

पर्समध्ये कायम असते ती साखर पाण्यात कालवून ग्लास पुढं केला तर ह्यानं तोंड फिरवलं. "नको. अंगावर पाणी चढतं, स्नायूंचे कट दिसत नाहीत. भात सोडलाय, पाणी सोडलंय, आता घालवू व्हय सगळं?"

"आणि टोचून काय घेतोस? मला सुयांच्या खुणा कळतात."

तो खालमानेनं म्हणाला, "स्टिरॉइड. अंग भरायचं. जिममधला एक जण देतो." डॉक्टरांनी नंतर समजावलं, की ती इंजेक्शनं, उपाशी पोट आणि वरनं एवढी मेहनत एकत्र आली की साखर अशी ढासळू शकते. पण तेव्हा डॉक्टर कुठले! तेव्हा मीच होते.

तेवढ्यात माईकवर त्याचा नंबर पुकारला. बाहेर गल्ली पेटली. हा उठला, गुडघ्यात वाकला, परत उठायला लागला. मरायला निघालं होतं पोरगं, आणि तेही हसत! सगळ्यांसमोर मी त्याच्या कानाखाली वाजवली, खांदा दाबून खाली बसवलं आणि ग्लास तोंडाला लावला. "गीळ!"

एकेक घोट गिळला त्यानं. नंबर पुन्हा पुकारला. मग पुढच्या गड्याचा पुकारला. गल्लीचा गलका ओसरला.

थोड्या वेळानं घाम थांबला, डोळ्यांत ओळख आली. दोस्त रिक्षा आणायला पळाले. दवाखान्यात न्यायचंच होतं, आणि इंजेक्शनचं डॉक्टरांना त्याच्याच तोंडून सांगायला लावणार होते. शिव्या तर अगदी जिभेवर आल्या होत्या माझ्या.

पण तो स्टेजकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघत हळूच म्हणाला, "अक्का, तुला दर वेळी असंच होतं?"

"व्हय."

"जवळ कुणी नसताना पण?"

इतक्या वर्षांत आमच्या घरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. एवढी तोंडाळ मी, पण एक शिवी फुटेना. त्याच्या रंगानं माखलेल्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिथंच भोकाड पसरलं.