टाकेमिस्त्री

फाट् असा आवाज झाला आणि बैल उधळले. कासरा माझ्या हातात होता, तो तळहाताची कातडी सोलून निघून गेला. बैल फार पळाले नाहीत. दहा पावलं पळाले असतील. पण त्या गाडीची चाकं फिरली की तिची सुरी चालते, आणि सुरीसमोर पाय लांब करून टाकेमिस्त्री बसला होता. गाडी बांधाला अडून थांबली. मिस्त्री बाजूला फेकला गेला होता. तो ओरडला नाही. गॅसची पेटती नळी त्याने अजून हातात वर धरून ठेवली होती. "बाई, पहिले गॅस बंद करा," तो म्हणाला. "गवत पेटते." त्याचा उजवा पाय घोट्याच्या वर कापला गेला होता.

मी गॅस बंद केला. कसा करायचा ते त्यानेच मला शिकवलं होतं.

ती गाडी आमची नव्हती, पलटणीची होती. लढाईच्या काळात बिरसीला विमानं उतरायची पट्टी केली. तिच्या दोन्ही बाजूंचं गवत कापायला पलटणीने ही यंत्रं आणली होती. दोन लोखंडी चाकं, बैल जुंपायला दांडी, उजव्या बाजूला जमिनीसरशी लांब दातेरी सुरी आणि वर भोकाभोकांची लोखंडी खुर्ची. खुर्चीवर बसायचं आणि बैल हाकायचे, गवत आपोआप आडवं पडतं. पलटण गेली, सामान विकायला निघालं, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, त्यातलं एक घेतलं. गावाने त्याला खुर्चीगाडी म्हटलं. मिस्त्री पट्टीवर कामाला असताना हीच गाडी दुरुस्त करायचा. आमच्या अंगणात ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याने तिच्या चाकावर थाप मारली आणि मामाजींना विचारलं, "हिची खोड माहीत आहे का? डावीकडे वळवली का रुसते."

त्याचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, दवाखान्यात कागदावर लिहून घेतलं तेव्हा. गावात तो टाकेमिस्त्रीच. लोखंड सांधायला तो 'टाका मारणे' म्हणायचा, शिंपी म्हणतो तसं. गोंदियाला रेल्वेलाइनपलीकडे त्याची टिनाची खोली होती. बोलावलं की कार्बाइडचा डबा आणि लांबट सिलिंडर कुणाच्या तरी बैलबंडीत घालून यायचा. तुटलेला भाग हातात घेऊन तो आधी बराच वेळ नुसता पाहायचा. काम मात्र एवढंसं करायचा. बोटाच्या पेराएवढा टाका, की नळी बंद. एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, जरा जास्त मारा ना. पुन्हा तुटलं तर?" तो म्हणाला, "माझा टाका नाही तुटत, बाई. टाक्याच्या बाजूचं जुनं लोखंड तुटते. जितका मोठा टाका, तितका बाजूवाल्याले त्रास." तसंच व्हायचं. चार वर्षांत गाडी आठ-दहा ठिकाणी तुटली, पण त्याचा टाका एकदाही सुटला नाही.

त्याच्या अंगाला सडक्या लसणासारखा वास यायचा. कार्बाइडचा गॅस तसाच असतो. आमची म्हैस त्याला पाहून दावं ताणायची. जेवायला वाढलं की तो पहिला प्रश्न विचारायचा, "भाजीत लसूण आहे का?" असली तर नुसता भात आणि मीठ-मिरची. "दिवसभर तेच खाऊन राहिलो, आता ताटात बी कायले?" मग मी त्याच्यापुरती भाजी वेगळी काढायला लागले. त्यावरून माझ्या चुलत दिराने टोमणा मारला, "मिस्त्री आला का जावई आल्यावानी चूल पेटते." मिस्त्रीने ते ऐकलं आणि पुढच्या खेपेला दिराच्या मोटेचा टाका मारायला तीन दिवस उशिरा गेला. विचारलं तर म्हणाला, "जावई हाय ना मी. जावई बोलावल्याबरोबर येते का?"

माझा नवरा हिवतापाने गेला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मामाजींचे गुडघे गेले होते. धानाच्या बांध्या दुसऱ्याला अर्धेलीने दिल्या, कारण नांगर बाईने धरायचा नाही. धरला तर पाऊस रुसतो म्हणतात. राहिली ती विमानांच्या पट्टीलगतची गवताची जमीन आणि ही गाडी. मामाजी ती दिराला देऊन टाकायला निघाले होते. त्या दिवशी मिस्त्री अंगणात काम करत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मामाजी, हिला नांगर कोण म्हणते? ही तर खुर्ची आहे. खुर्चीवर बसाले बाईले मनाई आहे का तुमच्या गावात?" मामाजींनी गाडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर बसून पाहिलं. सुरी उचलायची पट्टी पायाने दाबायची असते, तिथे माझा पाय पोचेना. मिस्त्री हसला नाही. त्याने वीतभर लोखंडाचा तुकडा घेतला, वाकवला आणि पट्टीला जोडून दिला. "तुमचा पाय लांब करता येत नाही," तो म्हणाला, "म्हणून लोखंडच इकडे आणलं." त्या एका टाक्यावर आमच्या घराने चार वर्षं खाल्लं. गोंदियाचे गवळी माझंच गवत न्यायचे.

टाका मारून झाला की तो चुलीतली गरम राख मागायचा. धानाच्या कोंड्याची राख त्याला सगळ्यात आवडायची. सांधलेला भाग त्या राखेत पुरून ठेवायचा आणि शेजारी उकिडवा बसून राहायचा. लगेच हवा लागली तर बीडाचं लोखंड तडकतं. मला घाई असायची. मी दोनदा-तीनदा विचारायची, "झालं का?" तो म्हणायचा, "बाळंतीण हाय ती. निजू द्या." मला राग यायचा. मला त्याच्या सगळ्या गोष्टी आवडायच्या असं नाही. तो हळू होता आणि मी उतावळी होते.

एक नियम मात्र त्याने कधी मोडला नव्हता. गाडी शेतात तुटली असली तर आल्या आल्या तो बैल सोडायला लावायचा आणि दूरच्या झाडाला बांधवायचा. मगच कार्बाइडच्या डब्यात पाणी. "बैल अन् आग, याची वळख करून द्यायची नाही," म्हणायचा. नळी कधी कधी बंदुकीसारखी वाजते. माणसाला सांगून ठेवलं तर कळतं, बैलाला कोण सांगणार?

कार्तिकाचा महिना होता. अर्धं गवत कापून पडलं होतं, अर्धं उभं होतं, आणि सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. कापलेलं गवत भिजलं की काळं पडतं, गवळी हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून धान चुरायला, मळणीला, तेच बैल लागणार होते. म्हणजे गवत आजच संपायला हवं होतं. नेमका त्या दिवशी सुरी चाकांपासून सुटी करायचा दांडा तुटला, आणि तो सुरी जोडलेली असतानाच तुटला. आता चाक फिरलं की सुरी फिरणार, थांबवायची सोय नाही. मी बंडी पाठवून मिस्त्रीला आणलं. तो दुपारी आला. दांडा पाहिला आणि म्हणाला, "काढून घेतो. घरी नेऊन राखेत ठेवू. उद्या बसवतो."

"उद्या कायले? जागेवरच मारा," मी म्हटलं.

"मग बैल सोडा."

त्या वर्षी जोडीत एक बैल नवा होता, कबऱ्या. सोडणं सोपं होतं. पुन्हा जुंपायला तो तासभर नाचवायचा, दोन माणसं लागायची. मी आभाळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "एवढ्याशा टाक्याले बैल काऊन सोडता? मी कासरा धरून ठेवतो ना."

मी तसंच म्हटलं. चुलत दिराने म्हटलं नाही, मामाजींनी म्हटलं नाही. मी म्हटलं.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणेल असं मला वाटलं. मग त्याने काळा चष्मा कपाळावरून खाली ओढला. "घट्ट धरा," म्हणाला आणि सुरीपुढे पाय लांब करून बसला. दांड्यापर्यंत हात पोचवायला दुसरीकडून जागाच नव्हती. टाका जवळजवळ झाला होता. तेवढ्यात नळी वाजली.

मी लुगड्याचा पदर फाडून त्याचा पाय बांधला. रक्त थांबत नव्हतं. आरडाओरडा ऐकून चुलत दीर बांधावरून पळत आला, त्याच्या मागे दोन माणसं. त्याने मिस्त्रीचा पाय पाहिला, जुंपलेले बैल पाहिले आणि माझ्यावर ओरडला, "बैल काऊन नाही सोडले? बाईच्या हातात यंत्र दिलं का असंच होते! आज मामाजीले सांगतोच मी." त्या एका गोष्टीने गाडी माझ्या हातून गेली असती, हे मला माहीत होतं. मिस्त्रीलाही माहीत होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो दिराला म्हणाला, "बाईवर कायले ओरडून राहिले? ते बैल सोडूनच राहिली होती. मीच म्हटलं, राहू द्या, दोन मिनिटांचं काम हाय."

मी तोंड उघडलं नाही.

बंडीत धानाचं तणीस पसरून त्याला गोंदियाला नेलं. मी त्याचा पाय मांडीवर धरून बसले होते. वाटेत तो एकदा म्हणाला, "टाका राखेत नाही ठेवला. तडकन तो." मी म्हटलं, "तडकू द्या." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पाऊस आला का?" आभाळ तोवर मोकळं होत चाललं होतं. त्या दिवशी पाऊस आलाच नाही, त्या आठवड्यातही आला नाही.

दवाखान्यात त्यांनी पाय गुडघ्याखाली काढला. पण घाव मातीत लोळला होता. ताप चढला आणि उरलेला पाय काळानिळा पडायला लागला. त्याची बायको उशाशी बसून असायची. लहानखुरी होती, हिंदी बोलायची. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा तिने मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि म्हणाली, "बाई, बारह साल हो गये शादी को. बैल खोले बिना वो कभी हाथ नहीं लगाते थे." एवढंच म्हणून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. ती भांडत नव्हती. तिला फक्त खरं काय ते हवं होतं.

मी सांगू शकले असते. तिथे आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "भाजीत लसूण नाही घातला." आणि डबा तिच्या हातात दिला. ती आत गेली.

पुढे ती माहेरी निघून गेली, डोंगरगडकडे कुठे तरी. मी पत्ता विचारला नाही. उभं राहिलेलं गवत मी आठव्या दिवशी त्याच गाडीने कापलं. दांडा गावच्या लोहाराने पट्ट्या ठोकून बांधून दिला होता. मामाजींनी गाडी माझ्याकडेच ठेवली, कारण मिस्त्रीने सांगितलेलं सगळ्यांनी खरं मानलं. पुढची बारा वर्षं मी ती चालवली, घर उभं केलं. नळी असो नसो, बैल सोडल्याशिवाय मी कुणाला तिच्याजवळ येऊ दिलं नाही. लोक म्हणायचे, बाई कडक आहे.

त्या दिवशी त्या गवतात मिस्त्री होता, मी होते आणि दोन बैल होते. मिस्त्री तिसऱ्या दिवशी सकाळी मेला. बैलांना काही झालं नाही. माझा तळहात पंधरा दिवसांत भरून आला.