हातावर वाढणारी बुढी

आमच्या बुढीपुढं पंगतीत हात आडवा धरून काही उपयोग नव्हता. पोट भरलं की माणूस पत्रावळीवर हात धरतो आणि वाढणारा पुढं जातो, ही रीत. बुढी पुढं जात नसे. ती हातावरच वाढायची. वांग्याची गरम भाजी, तर्रीसकट. चटका बसला की माणूस हात ओढून घेई आणि दुसरी पळी बरोबर पत्रावळीवर पडे. वरून त्यालाच विचारायची, "हात काहून आणला मंधात?" मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात भजन मंडळ आहे. त्याच्या पंगतीत पंधरा वर्षं भाजीची बादली तिच्याच हातात होती.

ती माझी बायको. बुढी हे नाव माझ्या आईनं ठेवलं. लग्न झालं तेव्हा ती अठराची होती. दुसऱ्याच दिवशी सासूला म्हणाली, "चुलीचं तोंड वाऱ्याकडं हाये, म्हणून घरात धूर होते." आई मला म्हणाली, "मी सून पाह्यली होती, तू तर बुढी घेऊन आला." पण चूल फिरवली आणि धूर खरंच कमी झाला. नाव मात्र राहिलं. गावात पोट्टेसोट्टेही बुढीच म्हणत. तिला राग नव्हता.

आमचं भाजीपाल्याचं वावर. पिकवायचो मी, विकायची ती. मी चौथीपर्यंत शिकलो, ती तेवढीही नाही, पण अमरावतीच्या बाजारात तिला कोणी फसवलं नाही. नव्या गिऱ्हाइकाला ती स्वतःच शिकवायची, "वांग्याचं अंग नको पाहू, अंग तं सगळ्याईचंच चमकते. देठ पाह्य." देठ हिरवा असेल तर वांगं आजचं. हे तिचं बोलणं पुढं कुठं कुठं कामी आलं ते सांगतो.

गजू आमचा एकुलता. आठव्या वर्षापासून मंडळात खंजिरी वाजवायचा. गळाही चांगला. अमरावतीला शिकायला गेला आणि तिथंच एका क्लासच्या ऑफिसात लागला. त्याच्या खोलीवर विलास नावाचा पोट्टा राही, चष्म्याच्या दुकानात कामाला. सणावाराला दोघंही घरी येत. मी त्याला दोस्त समजत होतो. बुढी समजून होती, पण मला बोलली नव्हती.

मग दर्यापूरकडचं एक स्थळ चालून आलं. पाहुणे ओसरीवर बसले होते. गजू मुलीच्या बापाला म्हणाला, "काका, तुमच्या पोरीचं वाटोळं नाही करत मी. माहा जीव विलासवर हाये. जन्मभर त्याच्यासंगच राहीन." पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. ते गेल्यावर मी गजूवर ओरडलो, "हे चारचौघात बोलाची गोष्ट हाये काय?" बुढी कपबशा उचलत होती. म्हणाली, "न बोलता पोरीच्या गळ्यात बांधला असता, मंग चाललं असतं तुमाले?" आठ दिवसांत गावभर झालं.

त्याच वर्षी सप्ताहाच्या शेवटी काल्याची पंगत होती. बुढीचे गुडघे सुजले होते, म्हणून तिनं बादली गजूकडं दिली. मागं विलास पोळ्या घेऊन. पहिल्या पत्रावळीवर मंडळाचे अध्यक्ष. गजू वाकला तसा त्यांनी हात आडवा धरला. पत्रावळ कोरी होती, एक घास पडला नव्हता तिच्यावर. गजूला वाटलं उपास असेल. दुसऱ्यानं धरला. तिसऱ्यानं धरला. नुसते हात पडत होते. गजू प्रत्येकापुढं वाकत होता आणि सरळ होत होता.

मी ओळीच्या मधोमध बसलो होतो. गजू माझ्यापर्यंत येईस्तोवर मला वेळ होता. विचार करायला भरपूर वेळ होता, म्हणून ते चुकून झालं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या डाव्या बाजूच्या माणसाचा हात आडवा होता. उजव्या बाजूचा माझ्याकडं पाहत होता. गजू समोर आला आणि मी माझा हात पत्रावळीवर धरला.

तो हातावर वाढणाऱ्यातला नव्हता. त्यानं बादली खाली ठेवली, पळी आत ठेवली, आणि दोघं मोटरसायकलवर बसून निघून गेले. खंजिरी देवळातच राहिली.

बुढी खांबाला टेकून उभी होती. तिनं सगळं पाहिलं. घरी आल्यावर मला दोनच शब्द म्हणाली, "तुमी बी?"

दुसऱ्या दिवशी तिनं मंडळाची बादली राखेनं घासली, अध्यक्षांच्या दारात नेऊन पालथी ठेवली. म्हणाली, "माह्या लेकराच्या हातचं चालत नाही तं माह्याही हातचं चालवू नका." अध्यक्षांनी तिला समजावलं. गजूला कोणी येऊ नको म्हटलं नाही, त्यानं यावं, बसावं, जेवावं. बुढी म्हणाली, "जेवाले तुमी गाईलेही घालता."

गजूनं गाणं टाकलं. अमरावतीला खोलीवर गेलो तर टीव्ही लावून बसायचा. पहिले आंघोळ करतानाही अभंग म्हणणारा पोट्टा. विलासच एकदा बुढीला म्हणाला, "माय, हा झोपेत बोटं वाजवते, जागा असला की नाही वाजवत." त्या दिवसापासून बुढीनं मनावर घेतलं. गजूला बसायला, गायला, वाढायला एक देवाचं ठिकाण पाहिजे, आणि विलाससकट पाहिजे. तिचं वय तेव्हा पासष्टच्या वर. दर आठवड्याला एसटीनं निघायची, पिशवीत त्या त्या ठिकाणच्या मंडळासाठी वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. मी म्हणालो, "आता देव बदलतं काय?" ती म्हणाली, "देव तोच हाये. पंगत बदलून राहिली."

अमरावतीत एक मोठं सत्संग भवन होतं. गालिचे, पंखे. तिथले महाराज म्हणाले, आई, इथं सगळी त्याचीच लेकरं, मुलाला जरूर आणा. मी तिच्यासोबत होतो, मला बरं वाटलं. बुढी म्हणाली, "वाढाले देसान त्याले?" महाराज हसले. म्हणाले, आधी थोडी साधना करू द्या, सुधारेल तो, मग पाहू. बुढीनं पिशवी उचलली. वांगी आत होती तशीच परत आणली. बाहेर येऊन म्हणाली, "या म्हणाले सगळेच म्हणते. अंग चमकते. वाढाले कोणाले देते, तो देठ हाये."

वरूडला एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचं मंडळ होतं. ते म्हणाले, गजाननचा गळा ऐकला आहे आम्ही, येऊ द्या, पण त्या दुसऱ्याला आणू नका. बुढी म्हणाली, "माहा पोट्टा संत्रं हाये काय भाऊ, अर्ध्या फोडी ठेवून अर्ध्या वापस कराले?" व्यापारी रागावला. मी तिच्या पदराला धरून तिला बाहेर आणलं. त्यानंतर मी तिच्यासोबत जाणं बंद केलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. ती लोकांना प्रश्न विचारायची तेव्हा मला वाटायचं, आता तिथल्याच कोणासमोर ती मलाही विचारेल.

अकोल्याचं ठिकाण तिला बाजारातल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. भाजीबाजाराच्या मागं टिनाचं शेड, फुलं विकणाऱ्या बाया दर गुरुवारी भजन करतात आणि पन्नासेक माणसांना जेवू घालतात. त्यांची म्होरकी हारवाली काकू. बुढी गेली तेव्हा शेडच्या कोपऱ्यात चंदाताई नावाची तृतीयपंथी बाई कणीक मळत होती आणि चार बाया त्याच कणकेच्या पोळ्या लाटत होत्या. बुढीनं हे आधी पाहिलं. मग तिनं गजूचं आणि विलासचं सगळं सांगितलं आणि तोच प्रश्न विचारला. हारवाली काकूनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. म्हणाली, "बादली उचलते काय तुहे पोट्टे? आमचे गुडघे गेले सगळ्याईचे." बुढीनं पहिल्यांदा पिशवी तिथं रिकामी केली.

घरी आली ती मला चिडवतच. "तुमाले तं लाज वाटते माह्यासंग याले. तठी या एकदा, कोणी तुमच्याकडं पाहतही नाही." गजू पहिले तीन गुरुवार गेला नाही. चौथ्याला बुढी त्याच्या खोलीच्या दारात जाऊन बसली, चल म्हणाली नाही, नुसती बसली. गेला. महिनाभरात खंजिरी हातात घेतली. बुढी मला दर बुधवारी विचारायची, "उद्या येता काय?" मी म्हणायचो वावरात पाणी आहे, सोडायला पाहिजे. कधी म्हणायचो फवारणी आहे. दोन वर्षं मी वावराचंच नाव सांगितलं. तिनं एकदाही खोटं पकडलं नाही, आणि विचारणं एकदाही सोडलं नाही.

मग किडन्या गेल्या तिच्या. शेवटी घरीच होती. विलास रजा टाकून आला होता, तिचे पाय चेपायचा. एक दिवस सकाळी ती मला म्हणाली, "माह्या तेरवीले गजूनं वाढलं पाहिजे. अठीच, आपल्या अंगणात. कोणी हात धरला तं धरू द्या." मी म्हणालो बरं. ती माझ्याकडं पाहत राहिली. तिला अजून एक वाक्य बोलायचं होतं, ते ती बोलली नाही. मला ते ऐकू आलं.

ती गेली, आणि दहाव्याला अध्यक्ष आले. म्हणाले, बुढी मंडळाची होती, तेरवी आम्ही सांभाळू. आचारी आमचा, वाढपी आमचे. गजूनं बसावं, दुःखात आहे.

मी म्हणालो, "गजू वाढीन. विलास वाढीन."

"मंग पंगत नाही बसणार."

"नका बसू."

"तुमी तं असे नव्हते, भाऊ."

"मी तसाच होतो. तुमच्याच ओळीत होतो." पंचेचाळीस वर्षांचा शेजार होता त्या माणसाचा. तो चप्पल घालून निघून गेला.

तेरवीच्या दिवशी अंगणात पत्रावळी मांडल्या. अर्धं गाव आलं नाही. काही दारातून हात जोडून गेले. अकोल्याहून टेम्पो आला. हारवाली काकू, चंदाताई, फुलवाल्या बाया. त्यांनी कोणाला न विचारता पोळ्यांचा ताबा घेतला. उशिरा गावातलीही काही माणसं आली आणि टोकाला बसली. ती हात धरतील की नाही, हे मला दिसत नव्हतं.

घरच्या माणसाचं तोंड गोड करायची रीत, म्हणून मला पहिल्या पंगतीत बसवलं. समोर तिच्या फोटोला हार होता. पहिली वाढ झाली. कोणी हात धरला नाही, टोकाच्या माणसांनीही नाही. मी एक घास घेतला. बुढीच्या मापाची भाजी होती, मीठही तिच्यासारखंच. गजू बादली घेऊन पुन्हा आला. मला खाणं होत नव्हतं, आणि माझा हात आपसूक पत्रावळीवर आडवा गेला.

गजू थांबला. मी वर पाहिलं. त्याचं तोंड त्या दिवशीसारखं झालं होतं. विलास त्याच्या मागं, पोळ्या घेऊन, तसाच. मला सांगायचं होतं, बाबू, पोट नाही घेऊन राहिलं, दुसरं काही नाही. पण हात तिथंच राहिला.

गजूनं पळी बुडवली. वर काढली. आणि गरम भाजी, तर्रीसकट, माझ्या हातावर वाढली.

"हात काहून आणला बाबा मंधात?" तो म्हणाला.

चटका चांगला बसला. दुसरी पळी भरून येईस्तोवर मी हात काढला नाही. मग त्याच हातानं जेवलो, सगळं संपवलं.

आता गुरुवारी वावरात पाणी नसतं.