दिनेशच्या सॅकमधलं अंडं

डोंगरात फिरणाऱ्यांकडे किस्से भराभर साठतात. त्यात ग्रुपमध्ये दिनेशसारखा माणूस असला की विचारायलाच नको! दिनेश शहापूरचा, नोकरीला ठाण्यात, रविवारी आमच्याबरोबर डोंगरात. त्याला आयुष्यात एकदा तरी फॉसिल सापडायला हवं आहे. बस्स.

आणि आमच्या त्याच ग्रुपमध्ये गायकवाड मॅडम. शाळेत विज्ञान शिकवतात, सॅकमध्ये भिंग आणि छोटा हातोडा. "आपला सगळा डोंगर थंड झालेल्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्ट. त्यात हाडं-पानं टिकत नाहीत. पण दोन थरांच्या मध्ये गाळ साचला असेल, तर त्यात मिळूही शकतं," असं त्या एकदा बोलून गेल्या. दिनेशने फक्त 'पण'च्या पुढचं ऐकलं! मॅडमचा नियम मात्र कडक. दगड फोडून आत बघितल्याशिवाय निकाल नाही.

*

तानसाच्या बाजूला एका दगडावर दिनेशला नेच्याचं पान दिसलं. काळं, नाजूक, शिरा-बिरा सगळ्या. तो ओरडला तसे आम्ही धावलो. मॅडमनी भिंग लावलं, मग हातोड्याने एक कपचा उडवून आत बघितलं. आम्ही श्वास रोखून उभे.

"खनिज आहे. दगडाच्या भेगेत पाणी झिरपतं, त्यातून अशी नक्षी उमटते. पान नाही."

दिनेश भडकला. "मग खनिजाला पानाची डिझाइन काढायला कोनी सांगितली होती?"

*

डोळखांबच्या एका पाड्यावर काशीकाकू आम्हाला जेवू घालतात. तिथे दिनेशने पांढऱ्या ठिपक्यांचा दगड काढला. "दात हायेत, दात!" मॅडमनी काकूंकडून लिंबू मागून घेतलं, एक ठिपका खरवडला आणि त्यावर पिळलं. बारीक फेस आला! दिनेशचा चेहरा फुलला. मीसुद्धा फोटोसाठी मोबाइल काढला.

मॅडमनी हातोडा मारला. आतही तसेच गोल ठिपके, सगळीकडे. "लाव्ह्यातले बुडबुडे. नंतर त्यांत चुना भरला, म्हणून फेस आला. बेसाल्टच."

काकू चुलीपाशी कोंबडीचा रस्सा ढवळत होत्या. "ते ऱ्हाऊ दे. माझा लिंबू संपवलात, आता रश्श्यात काय पिळू, बेसाल्ट?"

*

दिनेशच्या घरी असे बेसाल्ट कपाटभर आहेत. त्यातला सगळ्यात सपाट त्याच्या बायकोने लोणच्याच्या बरणीत दडपण म्हणून ठेवला आहे. "निदान हा तरी कामाला लागला!" ती म्हणते.

*

एकदा मुरबाडकडून परतताना वनखात्याच्या तपासणी नाक्यावर आम्हाला अडवलं. दिनेशची सॅक उघडली तर नुसते दगड. तिथल्या माणसाचा आवाजच बदलला. "गडावरच्या मूर्ती फोडून आनल्यात काय? बाजूला या सगळे!" मॅडम हात जोडून सांगत होत्या, "अहो, साधा बेसाल्ट आहे!"

"मॅडम, मला शिकवू नका," तो म्हणाला. "साध्या दगडासाठी येवढा वजन कोन वाहील?"

दगड तिथेच उतरवून ठेवल्यावर सुटका झाली.

*

आणि मग तो सिद्धगड. उतरताना दिनेशला एक लांबट गोल दगड मिळाला. वरचं साल टरफलासारखं सुटलेलं. "अंडं!" या वेळी मॅडम हसल्या नाहीत. खूप वेळ भिंगातून एकाच जागी बघत राहिल्या. "इथला कण फार बारीक आहे, गाळासारखा. फोडून बघू दे."

"नाय! घरी जाऊन फोडू," म्हणत दिनेशने तो सॅकमध्ये कोंबला.

पुढे कड्याला चिकटून अरुंद आडवी वाट. दिनेशच्या पायाखालची कड निसटली. एका हातात कारवीचं खोड, दुसरं मनगट माझ्या हातात, पाय हवेत. सॅकचा एक पट्टा खांद्यावरून सुटला होता, दुसरा खोड धरलेल्या हाताच्या कोपरात अडकला होता आणि ते वजन त्याला मागे ओढत होतं. माझी पकड सुटत होती.

"सॅक सोड, दिनेश!" मॅडम ओरडल्या. "खोडावरचा हात काढ, पट्टा आपोआप निसटेल. याने धरलंय तुला!"

"आत अंडं हाये! आधी सांगा मॅडम, फॉसिल का बेसाल्ट?"

"अरे, फोडल्याशिवाय..." मॅडम थांबल्या. खोड मुळासकट वर येत होतं.

"तुमी खोटं नाय बोलनार. सांगा!"

"बेसाल्ट! शंभर टक्के बेसाल्ट!"

दिनेशने हात सोडला. सॅक गेली. खाली आदळल्याचा आवाज यायला वेळ लागला. आम्ही दोघांनी त्याला वर ओढलं.

वाट फिरून खाली गेली, ती नेमकी सॅकपाशीच. सॅक फाटलेली, डबा चेपलेला, बाजूला दगडाचे दोन तुकडे, फुटलेली बाजू जमिनीकडे.

मी म्हणालो, "मॅडम, भिंग काढा ना."

"कशाला? बेसाल्ट आहे, सांगितलं ना," म्हणत त्या न वाकता पुढे गेल्या.

दिनेश तुकड्यांपाशी उभा राहिला. त्याने एकदा मॅडमच्या पाठीकडे बघितलं. मग खाली वाकून फक्त डबा उचलला आणि त्यांच्या मागे चालू लागला.