पाच वर्षांचे सभासद आणि माझा पहिला नकार

"नाही, नाखवासाहेब. फोनवर हे होणार नाही," असं म्हणून मी फोन ठेवला आणि मोठ्या ऐटीत नीलिमाकडे पाहिलं.

सोमवार, दोन जानेवारी, पंचाण्णव साल. आमच्या सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीने क्लायंटला पहिल्यांदाच 'नाही' म्हटलं होतं. नीलिमा काही उठून टाळ्या वाजवेना. तिने एवढंच विचारलं, "सर, पण ते म्हणत काय होते?"

ते मी नीट ऐकलंच नव्हतं. सगळं लक्ष 'नाही' म्हणण्याकडे होतं.

आमचं ऑफिस डोंबिवली पूर्वेला, फरसाणच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. व्हिजिटिंग कार्डावर मी मॅनेजिंग डायरेक्टर होतो. डायरेक्ट करायला एकटी नीलिमा गायकवाड होती. कल्याणच्या कोळसेवाडीतली, बी.एस्सी., डोक्याने माझ्यापेक्षा तल्लख. हे मी तेव्हा मान्य करत नव्हतो, आता करायला हरकत नाही.

आमच्या धंद्यात क्लायंटला काय हवंय ते आधी विचारून लिहून घेतात, मग तसा प्रोग्रॅम बनवतात. तो चालू झाला की क्लायंटला कळतं की आपल्याला वेगळंच काहीतरी हवं होतं. मग त्याचा फोन येतो, "दामले, एक छोटासा चेंज आहे." हा छोटासा चेंज म्हणजे आमच्या जिवाला घोर. कागदावर एक कॉलम वाढवायचा तर आत पंधरा ठिकाणी हात घालावा लागतो. मी आपला प्रत्येकाला म्हणायचो, "हो हो, होऊन जाईल." आणि ते नीलिमाच्या रविवारी होऊन जायचं.

डिसेंबरात ती सरळ म्हणाली, "सर, नवीन वर्षात हे असंच चालणार असेल तर मी अंधेरीला नोकरी बघते."

म्हणून एक जानेवारीला आम्ही संकल्प केले. चार्ट पेपरवर नीलिमाच्या सुरेख अक्षरात ते लिहून माझ्या समोरच्या भिंतीवर लावले. एक, फोनवरून चेंज घ्यायचा नाही, लेखी मागायचा. दोन, 'नाही' म्हणायला शिकायचं. तीन, दर शुक्रवारी बॅकअप, म्हणजे सगळ्या कामाची फ्लॉपीवर दुसरी प्रत. चार, रविवारी ऑफिस बंद. त्या दिवशी रविवारच होता. पण रविवारी ऑफिस बंद ठेवायचं हे ठरवायला ऑफिस उघडणं भागच होतं.

सोमवारी सव्वादहाला पहिला फोन आला तो ठाण्याच्या पंख्यांच्या कारखान्याचे मालक, आमचे शेठ यांचा. "दामले, हॅप्पी न्यू इयर! तो स्टॉकचा रिपोर्ट आहे ना, त्यात एक कॉलम टाका. परवापर्यंत."

"हो शेठ, होऊन जाईल."

नीलिमाने पेन्सिलीने चार्टकडे बोट केलं. मी म्हणालो, "अगं, माणूस हॅप्पी न्यू इयर म्हणतोय. त्याला लगेच नाही कसं म्हणणार?"

साडेदहाला डोंबिवलीतले एक डॉक्टर. त्यांना पेशंटच्या यादीत रक्तगट आधी आणि नाव नंतर हवं होतं. डॉक्टरांना दुखावून कसं चालेल? हो म्हणालो. आता नीलिमाने चार्टकडे बघणंही सोडलं. सरळ पर्स उघडून पेपरातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती काढल्या आणि वाचत बसली.

तेवढ्यात कल्याणहून नाखवांचा फोन आला.

नाखवा म्हणजे कल्याणच्या एका जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल. घर खाडीकाठी, भाऊ अजून होडी घेऊन जाणारे, हे एकटेच पुस्तकांच्या नादी लागलेले. दोन वर्षांपूर्वी तिथे आमचा प्रोग्रॅम बसला तो निव्वळ त्यांच्यामुळे. अध्यक्ष, एक वयस्कर वकील, कॉम्प्युटरच्या पक्के विरोधात होते. नाखवा सभेत उठून म्हणाले होते, "मी जबाबदारी घेतो." दोन वर्षांत त्यांनी एकही चेंज मागितला नव्हता. आवाज इतका मऊ, की फोनवर मला नेहमी "जरा मोठ्याने" म्हणावं लागायचं.

"साहेब, एक अडचण आलेली आहे," ते म्हणाले. "कालपासून पाच वर्षांचे सभासद करायला लागलोय ना, त्यांच्या मुदतीची तारीख..."

इथे मी त्यांना तोडलं. तारीख चुकीची टाकत असाल म्हणालो. ते म्हणाले, तारीख मशीनच टाकतंय. मग मी माझं ते ऐतिहासिक वाक्य बोललो आणि वर म्हणालो, "लेखी पाठवा. आता आमची सिस्टिम बदललीय."

"बरं साहेब," ते म्हणाले.

बुधवारी त्यांचं पत्र आलं. अक्षर इतकं नेटकं की मला चार्टवरचं आठवलं. मी ते न वाचताच ट्रेमध्ये टाकलं. 'नाही' म्हणून झालेलं होतं, आता वाचून काय करायचं?

शुक्रवारी बॅकअपसाठी कोऱ्या फ्लॉप्या शोधताना ते नीलिमाच्या हाती लागलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं आणि खाली बसली.

"सर, प्रोग्रॅममध्ये वर्ष किती आकडी धरलंय?"

"दोन. पंचाण्णव. आधीचे एकोणीस कशाला टाइप करायचे? जागाही वाचते."

"मग पंचाण्णव अधिक पाच?"

मी "शंभर" म्हणालो आणि मग माझ्या लक्षात आलं. दोन आकड्यांत शंभर बसत नाही, उरतात दोन शून्यं. प्रोग्रॅम आजचं पंचाण्णव आणि मुदतीचं शून्य समोरासमोर ठेवतो. शून्य लहान, म्हणजे मुदत संपली. काल पैसे भरून पाच वर्षांसाठी सभासद झालेला माणूस पुस्तक न्यायला आला की मशीन त्याला परत पाठवणार.

"हा चेंज नाहीये सर. ही चूक आहे," नीलिमा म्हणाली. "आपली."

आपली म्हणणं हा तिचा चांगुलपणा. प्रोग्रॅमचा तो भाग मी लिहिला होता.

पत्राच्या शेवटी एकच ओळ होती, 'शनिवारी कार्यकारिणीची सभा आहे, तोपर्यंत झाल्यास बरे होईल.' कॉम्प्युटर ठेवायचा की पुन्हा रजिस्टरं काढायची हेच त्या सभेपुढे होतं, आणि कॉम्प्युटर गेला असता तर नाखवांच्या शब्दाला तिथे काडीची किंमत उरली नसती. हे त्यांनी लिहिलं नव्हतं. आम्ही दुपारी कल्याणला पोचलो तेव्हा शिपायाकडून कळलं.

नाखवा काउंटरवर होते. शेजारी जुना लाकडी कार्डांचा खण उघडा. पाच वर्षांच्या प्रत्येक सभासदाला ते हाताने कार्ड लिहून पुस्तक देत होते. गेले पाच दिवस. एकही माणूस रिकाम्या हाती परत गेला नव्हता.

"लोकांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगणार साहेब? सांगितलं, मशीनला नवीन वर्ष लागलेलं आहे, जरा दम खा."

वर्षाची जागा चार आकडी करायची म्हणजे सगळ्या सभासदांची फाइल उलगडून पुन्हा बांधायची. काही बिनसलं तर दोन वर्षांचं काम पाण्यात. नीलिमाने घाबरतच विचारलं, "बॅकअप आहे का हो तुमच्याकडे?"

नाखवांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत फ्लॉप्या, प्रत्येकीवर तारीख. दर शुक्रवारची. आजचीसुद्धा.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगितलेलं की साहेब. पहिल्या दिवशी."

मला फार लाज वाटली. माझ्याकडे या कामाचा एकच बॅकअप होता आणि तो भिंतीवरच्या चार्टवर लिहिलेला होता.

नीलिमाने साडेतीन तासांत काम उरकलं. मी तिला फ्लॉप्या काढून देत होतो. मॅनेजिंग डायरेक्टरने एवढं मनापासून काम बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

शनिवारी सभेला आम्ही दोघंही गेलो. सुरुवातीआधी अध्यक्षांनी स्वतःचंच नाव मशीनवर बघायला सांगितलं. तेही पाच वर्षांचे सभासद झाले होते. पडद्यावर आलं, मुदत एक जानेवारी दोन हजार.

"दोन हजार साल? तोवर मी असेन का रे नाखवा?"

"मशीन सांगतंय तर असाल साहेब."

सगळे हसले. मग अध्यक्षांनी चष्मा काढला. वकील शेवटी. "पण हा खण पाच दिवस उघडा होता, तो का?"

नाखवा उठले. "साहेब, माझ्याकडून तारीख टाकायला चूक होत होती."

माझ्या हातात चहाचा कप. मला फक्त 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. आठवडाभर त्याच शब्दाचा सराव चालला होता. तो काही केल्या तोंडातून फुटेना.

"नाही साहेब," मागच्या खुर्चीवरून नीलिमा म्हणाली. "चूक आमची होती. यांनी सोमवारीच कळवलेलं. आम्ही ऐकलं नाही."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

"हो," मी म्हणालो. 'हो' म्हणण्याचा मला पुष्कळ सराव होता.

कॉम्प्युटर राहिला. नाखवांनी जाताना नीलिमाला एक पुस्तक दिलं, मला चहा आणखी घेणार का विचारलं. नीलिमाही राहिली, पगार वाढवून. ते मात्र तिने लेखी घेतलं.

माझ्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांना एकच सांगतो. नवीन वर्षात नाही म्हणायचं ठरवलंत, तर पहिलं 'नाही' ज्याची भीती वाटते त्याला म्हणून बघा. जो 'बरं साहेब' म्हणतो त्याच्यावर सराव करू नका.

पुढच्याच सोमवारी शेठचा फोन आला. आणखी एक कॉलम हवा होता. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "शेठ, लेखी पाठवा."

"बरं," शेठ म्हणाले. आभाळ वगैरे काही कोसळलं नाही.

ते पत्र अजून यायचंय. नाखवांचं तिसऱ्या दिवशी आलं होतं.