लिलीच्या मिशा

माझ्या मेहुण्याबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला तो कितीसा माहीत होता? बायकोचा धाकटा भाऊ, एवढंच. आमची चाळीसेक वर्षांची ओळख म्हणजे "चहा घेणार?" आणि "नको, आत्ताच झाला." दोघेही बुजरे. एका खोलीत बसलो की पंख्याकडे बघत राहायचो. मग बायको आतून विचारायची, "झाल्या का गप्पा मारून?" गेल्या वर्षी तो वारला. त्याची मुलगी म्हणाली, "काका, बाबांबद्दल चार ओळी तरी लिहा." म्हणून हा खटाटोप.

तो फुलांच्या दुकानात होता. मागच्या खोलीत, जिथे बादल्यांत फुलं उभी असतात आणि फरशी कायम ओली असते. लिलीच्या कळ्या उमलू लागल्या की आतले केसर चिमटीने खुडायचे, हे त्याचं सकाळचं काम. ते तसेच राहिले तर त्यांच्या टोकांवरची तपकिरी पूड कपड्यांना लागते आणि डाग हटता हटत नाही. दुकानात सगळे त्यांना मिशा म्हणत. मालकीणबाई बाहेरून ओरडायच्या, "न्हावी, मिशा झाल्या का?" त्याच्या बोटांची टोकं तपकिरी पडलेली असत. चारचौघांत तो हात खिशातच ठेवी.

मी शाळेत कारकून. पुस्तकी शब्द उगाच तोंडात यायचे. एकदा म्हणालो, "मिशा काय? पुंकेसर म्हणतात त्याला. पुं म्हणजे पुरुष."

"म्हणजे मिशाच की, दाजी!"

पण शब्द त्याला आवडला असावा. जाताना पुटपुटत होता.

त्याच्या मुलीच्या लग्नात हॉलमधली फुलं त्याने स्वतः मांडली. एकाही लिलीला हात लावला नव्हता. माझ्या बायकोने टोकलं, तर म्हणाला, "ताई, जन्मभर लोकांना भादरलेली फुलं दिली. आज घरचं कार्य आहे, अख्खी असू देत."

विहीणबाई कौतुकाने वास घ्यायला वाकल्या आणि त्यांच्या पांढऱ्या रेशमी पोशाखावर तपकिरी पट्टा उठला. असा डाग कोरडाच झटकायचा, पाणी लावायचं नाही, हे तो गिऱ्हाइकांना येता-जाता बजावत असे. त्या क्षणी मात्र त्याने रुमाल पाण्यात बुडवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुसलं. पट्ट्याचा तळहाताएवढा डाग झाला.

"अहो, पण हे आहे तरी काय?"

मान खाली घालून तो म्हणाला, "पुंकेसर."

शाळेत धडा म्हणावा तसं. सगळा हॉल खो खो हसला. तेव्हापासून मुलीच्या सासरी त्याचं तेच नाव पडलं. "आमचे पुंकेसर काय म्हणतात?" मायेनेच विचारत असतील. याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई. मुलीच्या घरची पायरी तो चढलाच नाही. नात झाली, रांगू लागली, तरी कधी गुडघा दुखतोय, कधी दुकानात माणूस नाही. मुलगी फोनवर रडायची. शब्द मी शिकवलेला, म्हणून मलाही त्याच्यासमोर बसवत नसे. पंख्याकडे जास्तच बघत असे मी.

शेवटी विहीणबाईंनीच त्याला फोन केला. "नातीला बघायला या. आणि फुलं आणा, अख्खी. मी काळे कपडे घालून दारात उभी राहते!" हे मला सांगताना त्याचे कान लाल झाले होते. "त्यांना असं म्हणायला लागलं, दाजी. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच," मी म्हणालो.

पण तो गेला. विहीणबाई खरंच काळ्या कपड्यांत उभ्या होत्या, असं मुलगी सांगते. नात तिथे त्याच्या मांडीवरून उतरत नसे. त्याच घरी, थोड्याच दिवसांनी, झोपेत त्याचं हृदय थांबलं.

निघाला त्या दिवशी त्याला बसवर सोडायला मी गेलो होतो. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेल्या लिली होत्या.

"मिशा?" मी विचारलं.

"काढल्या. एका फुलाच्या ठेवल्यात."

बस आली. तो चढला आणि खिडकीतून म्हणाला, "दाजी, तुमची छत्री माझ्याकडेच राहिलीय."

"राहू दे. आलास की दे."

"बरं."