वहिनींच्या ओट्यावरचा उजेड

आमच्या वहिनींनी दुकानदाराच्या शब्दावर आयुष्यात एकही वस्तू घेतली नाही. झाकण घ्यायचं असलं की पातेलं पिशवीत, अभ्रा घ्यायचा असला की उशी काखेत. एकदा कुलूप बदलायचं होतं तर दाराची कडीच उचकटून न्यायला निघाल्या होत्या. दादांनी हातापाया पडून थांबवलं. बुलढाण्याच्या बाजारात त्या येताना दिसल्या की अर्धे दुकानदार हसायचे आणि अर्धे चहा सांगायचे. वहिनींवर कशाचाच परिणाम नाही. "दुकानात समदंच चांगलं दिसते, भाऊजी. माह्या घरी दिसलं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

माहेर रोहिणखेडचं. त्या आमच्या घरात आल्या तेव्हा मी शाळेत होतो आणि माझी आई जाऊन वर्ष झालं होतं. त्यामुळे मला गरम भाकर वाढणारं माणूस म्हणजे वहिनीच. वाढल्यावर त्या जायच्या नाहीत. पहिला घास घेईपर्यंत समोर उभ्या राहून तोंडाकडे टक लावून पाहायच्या. "चांगली झाली हो वहिनी" असं म्हटलं तर उडवून लावायच्या. "तोंड सांगते ना. तुम्ही काऊन सांगता?" मीठ कमी पडलंय हे मला कळायच्या आधी त्यांना कळलेलं असायचं.

दादा गेले आणि घर पुतण्याच्या हाती आलं. शेखर मास्तर आहे, आईवर जीव टाकणारा. त्याने हौसेने नवं स्वयंपाकघर करून घेतलं. खाली ट्रॉल्या, वर भिंतभर कपाटं, काळा गुळगुळीत ओटा. सगळं झकास, फक्त ट्यूबलाइट मागच्या भिंतीवर राहिली. वहिनी ओट्याशी उभ्या राहिल्या की त्यांचीच सावली परातीत पडायची. आणि त्याच सुमारास भाकरी बिघडू लागल्या. एका कडेला करपलेली, मध्ये कच्ची. शेखर तोंड वाकडं करायचा, पण समोर उभ्या असलेल्या वहिनींना ते तोंड कळायचं नाही. ताटात उरलेले तुकडे उचलताना कळायचं.

एक दिवस शेखर म्हणाला, "आई, स्वयंपाकाले बाई लावू आपण. तू आराम कर आता."

"आराम कर म्हंजे काय कर?" वहिनींनी विचारलं. शेखर शाळेच्या वह्या तपासायला बसला. मला मात्र त्या अंगणात गाठून म्हणाल्या, "मी ओट्यावरून उठली का या घरात पाहुनी झाली पाहा, भाऊजी."

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आतला पडदा सुकत चाललाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, उजेड भरपूर ठेवा म्हणजे काही दिवस निभेल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन वहिनी चपला शोधत होत्या, त्या मी पुढे सरकवल्या. "घरी बोलू नोका," त्या म्हणाल्या. "पह्यले उजेड पाहू."

घरी मी फक्त सावलीचं कारण सांगितलं. कपाटांच्या खाली एलईडीची पट्टी लावायची ठरली. दुकानात निघताना वहिनींच्या हातात पिशवी होतीच. दुकानदार बोलघेवडा. "काकू, यात तीन रंग येते. पिवळा घ्या, घर कसं हॉटेलवानी दिसते!"

वहिनींनी पिशवीतून फडकं काढलं. फडक्यात दोन भाकरी. एक नीट भाजलेली, दुसरी मुद्दाम कच्ची ठेवलेली. त्या काउंटरवर मांडून म्हणाल्या, "लाव तुहा पिवळा."

पिवळ्या उजेडात दोन्ही भाकरी खमंग दिसू लागल्या. मलाही फरक कळेना. "हा लबाड हाये," वहिनी म्हणाल्या. मग पांढराफटक लावला, तर दोन्ही चुना फासल्यासारख्या. "यात त जितं माणूस बी मेलेलं दिसन. काढ." शेवटी मधला लावला. दुकानदार त्याला नॅचरल व्हाइट म्हणत होता. त्यात कच्च्या भाकरीवरचे पिठूळ डाग मला स्वच्छ दिसले. पण मला दिसून काय उपयोग? वहिनी नाक टेकेल इतक्या वाकल्या, मान तिरपी केली, बराच वेळ पाहिलं आणि बोट ठेवलं. "हे कच्ची."

बरोबर होतं. पण वहिनी स्वतःवरही अशा सहजी विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. दुकानदाराला म्हणाल्या, "मी डोळे झाकतो, तू भाकरी इकडच्या तिकडं कर." त्याने केल्या. वहिनींनी पुन्हा बरोबर ओळखली. त्यांचा चेहरा असा खुलला, की इतका वेळ गंमत पाहणाऱ्या दुकानदाराने न विचारताच पट्टी बांधायला घेतली. मग हळूच म्हणाला, "भाजलेली ठेवून जा, काकू. मी खातो." वहिनींनी पिशवीतून ठेचाही काढून दिला.

पट्टी लागली त्याच संध्याकाळी शेखरच्या बायकोचा, मनीषाचा, माझ्या घरी फोन आला. "काका, जरा येता का?" गेलो, तर वहिनी ओट्यावर तळहात फिरवून काहीतरी गोळा करत होत्या. आम्ही उघडीच पट्टी घेतली होती. तिचे बारीक दिवे काळ्या ओट्यात ओळीने चमकत होते. उपासाचा साबुदाणा भिजत घातलेला, तो सांडला असं वहिनींना वाटलं. त्या ठिपके वेचत होत्या, आणि ते हाती लागत नव्हते. मला बघवेना. मनीषा दारात उभी होती. तिला सगळं कळलं होतं. ती नवऱ्याला सांगू शकली असती, बाई लागली असती, तिचाही त्रास वाचला असता. ती म्हणाली, "काका, हे ठिपके माझ्याही डोळ्यांवर येतात. यावर काही झाकण मिळते का हो?"

दुसऱ्या दिवशी दुधी झाकण बसवलं. ठिपके गेले, ओटाभर सारखा उजेड पसरला. भाकरी पुन्हा जागेवर आल्या आणि बाईचा विषय निघेनासा झाला. मनीषाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

पण पडदा सुकायचा तो सुकतच होता. हळूहळू घरात सगळ्यांना कळलं. मुद्दाम कोणाला सांगावं लागलं नाही. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी शेखरसोबत जेवायला बसलो होतो. वहिनींनी भाकर तव्यावर टाकली, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि गॅस बारीक केला. "मनीषा, ये व. तू टाक. मले आता उजेडात बी दिसत नाही." मग भिंतीला हात लावत आल्या आणि शेखरच्या शेजारी बसल्या.

शेखरने ताट पुढे सरकवलं. म्हणाला, "आई, तूच टाक ना. कच्ची राह्यली तरी चालते."

"तुले चालन," वहिनी म्हणाल्या. "मले नाही चालत."

मनीषा भाकर घेऊन आली. ती ताटात पडायच्या आधी वहिनींनी हात पुढे केला. भाकर तळहातावर घेतली, कडेने बोटं फिरवली, मधला पापुद्रा दाबून पाहिला, उलटी करून पुन्हा दाबला. मनीषा समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मग वहिनींनी चाचपत शेखरचं ताट शोधलं आणि भाकर त्यात ठेवली.

"झाली हे. खा."