धागा तुटला की पळणारा अतीक

अतीक चहा बशीत ओतूनच प्यायचा. जिन्यात मधेच थांबून चप्पल झटकायचा, दम लागला असं म्हणायचा नाही. बोलता बोलता मनगटावर दोन बोटं ठेवायचा. भवानी पेठेतल्या कारखान्यात तो चार यंत्रमाग सांभाळायचा. धागा तुटला की पळायचा.

त्याच्या हृदयाच्या ठोक्यांत आईकडून आलेला दोष होता. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती आणि पळायला मनाई केली होती.

“अम्मीला बी तेच हाय की,” तो म्हणायचा. “साठीची झाली, कधी चक्कर न्हाय. गोळीनं हात जड होतात. धागा तू जोडणार काय?”

मी त्याचा शाळेपासूनचा मित्र, डॉक्टरांचंच पुन्हा सांगायचो. दोष एकच असला तरी हृदयाला पळवणारे आणि आवरणारे मज्जातंतू प्रत्येकाचे वेगळे वागतात. अम्मीचे ठोके सावकाश बदलतात. तुझे एकदम उसळतात, एकदम उतरतात. धोका तुलाच जास्त.

“एम.ए. मराठी, तू डॉक्टर कधी झालास रे?”

त्याने गोळी बंद केली. बुधवारी दोन मागांवर एकाच वेळी धागे तुटले. तो धावला, कोसळला आणि जागीच गेला.

मला अजून त्याचा रागच येतो. त्याच्या धाकट्या बहिणीचा, माहेनूरचाही ईसीजी काढायचा होता. “तिचं लग्न ठरतंय, बोभाटा नको. शुक्रवारी मीच तिला सांगून नेतो,” म्हणाला होता. ते राहिलंच.